बागेतल्या तळ्याचे एक वर्ष: बांधून देणाऱ्या सेवेविषयी अभिप्राय

तळेगाव दाभाडे येथील आमच्या घरामागच्या बागेत गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी एक लहान तळे बांधून घेतले. काम पुणे परिसरात बागा लावून देणाऱ्या एका कंत्राटदाराने केले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारीच्या गोष्टी लिहायच्या आहेत आणि त्या गृहस्थाशी माझे वैर नाही. तळ्याने आता एक पावसाळा, एक हिवाळा आणि बराचसा उन्हाळा पाहिला आहे, तेव्हा अभिप्राय द्यायला हरकत नाही. असे अभिप्राय सहसा काम संपल्याच्या आठवड्यात, पाणी नितळ आणि कडेचे दगड धुतलेले असताना लिहिले जातात. तळ्याच्या बाबतीत त्या दिवशी पाहण्यासारखे काहीच नसते, कारण पाण्यात अजून कोणी राहायला आलेले नसते.

दरपत्रकात या कामाला ‘जिवंत तळे’ असे नाव होते आणि एकूण रक्कम 36,800 रुपये होती. त्यात खोदाई, तळाचा प्लास्टिकचा कागद, कडेचे दगड, आराखडा आणि पाणवनस्पती यांबरोबरच पंप व गाळणीचे 9,500 आणि सहा कोई (शोभेच्या रंगीत) माशांचे 2,500 रुपये धरले होते. पंप आणि मासे मी काढायला लावले, त्यामुळे काम 24,800 रुपयांत झाले. मासे नको म्हटल्यावर मुकादमाने काळजीच्या स्वरात विचारले, “मॅडम, मासे नाहीत तर तळ्यात बघायचं काय?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मला तेव्हा नीटसे देता आले नाही. दरपत्रकातल्या ‘जिवंत’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी मासे आणि कारंजे एवढाच होता, हे मात्र त्यावरून कळले.

आधी कामाविषयी लिहिते. तळे 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि मध्यभागी 75 सेंटिमीटर खोल आहे. अरुंद बोळातून जेसीबी आत येणे शक्य नव्हते, म्हणून तीन माणसांनी टिकाव, पहार आणि घमेली घेऊन चार दिवसांत खोदाई केली. दोन फुटांवर मुरूम लागला, तरी कोणी कुरकुर केली नाही. तळाला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद वापरला. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून हा कागद तालुक्याच्या कोणत्याही कृषी दुकानात मिळतो, आणि घेताना त्यावर आयएस 15351 हा मानक क्रमांक आहे की नाही एवढे पाहावे. लांबी काढण्याचा हिशेब सोपा आहे: तळ्याची लांबी, त्यात दुप्पट खोली आणि दोन्ही बाजूंना दगडाखाली दाबायला एकेक फूट. रुंदीचेही तसेच. मोठ्या आयताकृती शेततळ्यासाठी बनलेला हा कागद जरा ताठ असतो आणि लहान वळणदार खड्ड्यात त्याला चुण्या पडतात. दिसायला ते वाईट दिसते खरे, पण पुढे याच चुण्यांमध्ये अर्धे तळे वस्तीला आले, म्हणून त्याविषयी तक्रार करत नाही.

तक्रारी दोन आहेत. कागदाखाली जुनी गोणपाटे किंवा चाळलेल्या वाळूचा थर घालायचे ठरले होते. ते घाईत राहिले आणि मुरमाच्या एका टोकाने दुसऱ्याच आठवड्यात कागदाला भोक पडले. कंत्राटदाराने माणूस पाठवून विनामूल्य ठिगळ लावून दिले, हे नमूद करायला हवे. दुसरी चूक अधिक गंभीर होती. चारही बाजूंनी उतार हवा असे मी कागदावर काढून दिले असताना उत्तरेची बाजू त्यांनी भिंतीसारखी सरळ कापली, आणि विचारल्यावर “पाणी जास्त बसतं” असे सांगितले. त्या सरळ बाजूची किंमत काय पडली ते पुढे येईल.

कागद अंथरला त्या संध्याकाळी खड्ड्यात पाण्याचा थेंबही नव्हता. पश्चिमेचे ऊन तिरके पडले होते आणि काळा कागद तव्यासारखा चकाकत होता. तेवढ्यात एक पिवळसर चतुर कोठून तरी आला, दोन घिरट्या घातल्या आणि कोरड्या कागदावर शेपटीचे टोक पुनःपुन्हा टेकवू लागला. ती मादी अंडी घालायला पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या तळाशी बुडी मारणारे चार-पाच काळे भुंगेरे उलटे होऊन पाय झाडताना सापडले. पाण्यात राहणारे अनेक कीटक रात्री उडत जागा बदलतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवीभूत प्रकाशावरून, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच आडव्या दिशेत कंप पावतात अशा प्रकाशावरून, ते पाणी ओळखतात. काळे प्लास्टिक, डांबरी रस्ता आणि गडद रंगाच्या मोटारीचे टप हेही तसाच प्रकाश परतवतात, त्यामुळे कीटक फसतात; हंगेरीतल्या संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. म्हणून कागद अंथरल्यावर तो आठवडाभर कोरडा ठेवू नये, त्याच दिवशी पाणी सोडावे, असे मी यापुढे प्रत्येकाला सांगणार आहे. कंत्राटदाराने हे सांगितले नव्हते. त्याला ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

बोअरचे पाणी भरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिले रहिवासी दिसले, ते अर्थातच डासांच्या अळ्यांच्या रूपाने. येथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि माझाही सुटत आला होता. उन्हाळ्यात डासाचे अंड्यापासून उडण्यापर्यंतचे आयुष्य साधारण आठ-दहा दिवसांत उरकते, त्यामुळे हातात वेळ थोडा असतो. कंत्राटदाराचा सल्ला होता की गप्पी मासे सोडा, नाहीतर थोडे रॉकेल शिंपडा. मी चहाची एक जुनी गाळणी काठीला बांधली आणि दर दुसऱ्या संध्याकाळी अळ्या गाळून कुंड्यांच्या मातीत टाकल्या. साधारण दहाव्या दिवशी पाण्यात एक नवा किडा दिसला. होडीच्या आकाराचा, पोट वर आणि पाठ खाली अशा स्थितीत पोहणारा, दोन लांब पायांनी वल्ही मारणारा. त्याला स्टीलच्या वाडग्यात घेऊन त्यात पाच अळ्या सोडल्या. पहिली अळी त्याने पुढच्या पायांनी मिठीत घेतली, सोंड खुपसली आणि काही मिनिटांत रिकामे साल सोडून दिले. संध्याकाळपर्यंत पाचही साली वाडग्याच्या तळाशी होत्या. तीन आठवड्यांनंतर गाळणीत अळी येईनाशी झाली आणि मी गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात न नेता अडगळीत ठेवली. शेजाऱ्यांनी डेंग्यूची भीती बोलून दाखवली, तेव्हा आम्ही दोघांच्याही अंगणांत शोध घेतला. डेंग्यूच्या डासाला पिंप, टायर, कुंडीखालची ताटली असे लहान साठे आवडतात. त्याच्या अळ्या आम्हाला माझ्या तुळशीजवळच्या ताटलीत आणि त्यांच्या फ्रिजमागच्या भांड्यात मिळाल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि त्या रात्री झोप मिळाली नाही. दिवा घेऊन बाहेर गेले तर कडेच्या दगडावर हळदीने माखल्यासारखा पिवळाजर्द नर बेडूक बसला होता आणि प्रत्येक हाकेला त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगत होते. हा आपला मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. वर्षभर मातकट हिरवा असणारा नर पावसाच्या आरंभी असा रंग धारण करतो. एके काळी या बेडकाचे पाय परदेशी जात असत. 1987 साली भारताने ती निर्यात बंद केली. आमच्या गल्लीत गेल्या पंधरा वर्षांत मी असा बेडूक पाहिला नव्हता. जवळच गावाचे जुने तळे आहे आणि पलीकडे इंद्रायणी, पण मधल्या डांबरी रस्त्यांवरून तो आमच्या फाटकाखालून कसा आला असेल याचा विचार मी बराच वेळ करत बसले.

त्याच आठवड्यात भेकांनी, म्हणजे बेडकांच्याच खरखरीत कातडीच्या भाईबंदांनी, अंडी घातली. भेकाची अंडी बेडकासारखी पुंजक्यात नसतात. पारदर्शक दोऱ्यात काळे मणी ओवावेत तशा लांबच लांब माळा वेखंडाच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या असतात. त्यातून निघालेली पिले काळी कुळकुळीत असतात आणि थव्याने फिरतात. याखेरीज काचेसारखी पारदर्शक, पाण्याच्या मधल्या थरात स्थिर तरंगणारी पिलेही दिसू लागली. ती मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाची. झाडावर राहणाऱ्या बेडकाने तर साबणाच्या फेसासारखे घरटे पाण्यावर वाकलेल्या वेखंडाच्या पातीला चिकटवले. दोन दिवसांत फेसावर पापुद्रा धरला आणि चौथ्या रात्रीच्या पावसात तो विरघळून आतली पिले थेंबांबरोबर पाण्यात गळली. यातले काहीही मी आणले नव्हते आणि दरपत्रकातही कोठे नव्हते.

आता त्या उत्तरेच्या भिंतीविषयी. जुलैच्या मध्यावर भेकांची पिले पाय फुटून बाहेर पडू लागली. ती तेव्हा जेमतेम करंगळीच्या नखाएवढी असतात. दक्षिणेच्या उतारावरून शेकडो पिले चालत बाहेर गेली, पण उत्तरेकडे पोहोचलेली पिले निसरड्या कागदाशी धडपडत राहिली आणि सकाळी त्यातली बरीच मेलेली आढळली. त्याच भिंतीखाली एकदा चिचुंद्री आणि एकदा खार बुडालेली सापडली. मी मुकादमाला बोलावून ते दाखवले. तो ओशाळला आणि दुसऱ्याच दिवशी पाण्यात पायऱ्यांसारखे दगड रचून त्यावर जाड गोणपाट सोडून गेला. गोणपाटाचे एक टोक पाण्यात आणि दुसरे बागेच्या मातीत. हा उपाय दोनशे रुपयांचा आहे आणि तेव्हापासून एकही प्राणी बुडालेला नाही. जे कोणी हे काम करून घेणार असतील त्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी चारही बाजूंनी हात फिरवून उतार तपासावा.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दोन गल्ल्या पलीकडे याच कंत्राटदाराकडून त्याच महिन्यात जवळपास एवढेच तळे बांधून घेतले, पण पंप आणि मासे यांसह. त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. त्यांचे पाणी माझ्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे, कारंजे छान दिसते आणि नातवंडे माशांना खाऊ घालण्यात रमतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने पैसे वसूल झाले आहेत. मात्र त्यांच्या तळ्यात बेडकांची अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाहीत, लावलेली वनस्पती कोईंनी मुळासकट उकरली आणि ऑगस्टमध्ये तेथे मला भेकाची काळी पिले सोडली तर काही दिसले नाही. ती माशांना बेचव लागतात, म्हणून वाचली असावीत. मासे आवडत असतील तर ही सेवा जरूर घ्यावी, पण त्या तळ्याला ‘जिवंत’ म्हणून विकताना ग्राहकाला हा व्यवहार आधी समजावून सांगणे उचित ठरेल. गप्पी माशांचेही तेच आहे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, डासांच्या अळ्या खातात हे खरे, पण बेडकांच्या आणि चतुरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांनाही सोडत नाहीत.

पाणवनस्पतींच्या बाबतीत सेवा संमिश्र होती. हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती), वेखंड आणि कुमुदाची एक कुंडी उत्तम निघाली. कुमुदाच्या पानाखाली चिकट जेलीतली गोगलगायींची अंडी होती, तेव्हा गोगलगायी आपल्या पायांनी आल्या असे मी म्हणू शकत नाही. मात्र ‘मोफत तरंगती वनस्पती’ म्हणून जलपर्णीची चार रोपे दिली होती, ती मी उन्हात वाळवून टाकली. पवना आणि इंद्रायणीच्या पात्रावर जिचा हिरवा गालिचा काढण्यासाठी दर वर्षी यंत्रे लावावी लागतात, ती वनस्पती भेट म्हणून देणे हे अज्ञान असले तरी क्षम्य नाही.

जुलैअखेरीस पाणी मटारच्या रश्श्यासारखे हिरवे झाले. फोनवर औषध सुचवण्यात आले, ते मी घेतले नाही. नव्या तळ्यात विरघळलेली अन्नद्रव्ये खाणारी वनस्पती अजून वाढलेली नसते, म्हणून सूक्ष्म शैवाल ती संधी घेते. मागून डॅफ्निया हे पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव येतात आणि शैवाल खाऊ लागतात. त्यांची वाळलेली अंडी वाऱ्यावर आणि पक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलातूनही प्रवास करतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तळाचा दगड पुन्हा दिसू लागला.

त्याच सुमारास चतुर बाहेर पडले. चतुराची अळी म्हणजे तळ्यातला वाघ. वाडग्यात ठेवलेल्या अळीने बेडकाच्या एका पिलाकडे बराच वेळ नुसते पाहिले आणि मग खालचा ओठ घडीच्या हातासारखा पुढे फेकून डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याला आत ओढले. एके दिवशी पहाटे साडेपाचला गेले तर वेखंडाच्या पात्यांवर सत्तावीस कात लटकलेल्या होत्या, पाठीवर चीर पडलेल्या आणि आतून पांढरे धागे लोंबणाऱ्या. बाजूला पंख वाळवत बसलेले चतुर दुधाळ दिसत होते. सूर्य वर आला तसे ते एकेक करून उडाले. त्यांतले बहुतेक पँटाला फ्लॅव्हेसेन्स जातीचे होते. ही जात मुद्दाम ताज्या, उघड्या पावसाळी पाण्यात अंडी घालते आणि दीड-दोन महिन्यांत वाढ पूर्ण करते. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडले की पावसाळा संपल्यावर या चतुरांचे थवे भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात. एका बोटाच्या लांबीच्या किड्याची ही झेप, आणि सुरुवात 500 मायक्रॉनच्या कागदावरून. शेपटी टेकवून गेलेली मे महिन्यातली ती मादी मला त्या सकाळी आठवली.

पक्षी उशिरा आले. सप्टेंबरअखेर धोबी काठावर शेपटी हलवत फिरू लागला, ऑक्टोबरमध्ये विजेच्या तारेवर खंड्याने जागा धरली, आणि वंचक बगळा तर दगडाच्या रंगाचा होऊन इतका निश्चल उभा राहत असे की मी दोनदा त्याच्याजवळून गेले तरी दिसला नाही. ऑगस्टमध्ये एक दिवड, म्हणजे पाण्याजवळ राहणारा साप, येऊन गेली होती. दिवड बिनविषारी असते, पण डिवचली तर चावायला कमी करत नाही. घरात लहान मुले असतील तर हा मुद्दा आधीच विचारात घ्यावा, कारण बेडूक आले की त्यांच्या मागे दिवड येणारच. आम्ही सर्पमित्राचा क्रमांक फळीवर चिकटवला, पण बोलावण्याची वेळ आली नाही. चार दिवसांनी ती आपणहून गेली.

एप्रिलपासून पाणी झपाट्याने आटते. आठवड्याला चार-पाच सेंटिमीटर कमी होते आणि मी रात्री नळीने सावकाश भर घालते. उघडा पडलेला कागदाचा काठ उन्हाने कडक होऊ लागला आहे, त्यावर दगड आणि माती सरकवून घेणे आवश्यक आहे. याच वेळी कंत्राटदाराच्या कार्यालयातून वार्षिक देखभालीसाठी फोन आला. त्यात तळे पूर्ण उपसून, ब्लीचिंग पावडरने घासून, नवे पाणी भरून देतात. तळाच्या गाळात चतुरांच्या अळ्या, भुंगेरे आणि गोगलगायी आहेत असे सांगितल्यावर समोरच्या मुलीने “म्हणूनच तर साफ करायचं, मॅडम” असे उत्तर दिले. करार मी केला नाही. त्याऐवजी खोदाईच्या तिघांपैकी एकाला सातशे रुपये रोजावर अर्धा दिवस बोलावले. त्याने वाढलेला हायड्रिला पंजाने ओढून काठावर ठेवला आणि मी काही सांगण्याआधीच म्हणाला, “आज इथंच राहू द्या, आतलं जे असंल ते रात्री पाण्यात जाईल.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढीग उचलायला परत आला, तेव्हा त्यात अडकून राहिलेल्या तीन गोगलगायी वेचून त्याने पाण्यात सोडल्या आणि मग घमेले भरले.